रामाजीचा उपास

बायजाबाईच्या हाताला मांजरसुद्धा यायचं नाही. पिल्लू असल्यापासून तिच्याच ताटलीत खाऊन वाढलेलं घरचं मांजर, पण डिसेंबर लागला की चार हात लांब बसायचं. कारण तिच्या बोटांत मिरची मुरलेली असे. भिवापूरच्या अलीकडे डांबरी रस्त्याला लागून मिरचीचा सातरा होता. दोन एकरांवर लाल मिरची वाळत पडलेली आणि फाटक्या ताडपत्रीखाली साठ-सत्तर बाया देठ खुडत बसलेल्या. डिसेंबर ते एप्रिल. नाकाला फडकं, डोळ्यांना धार, नखांच्या कडा फुटलेल्या. काम सुटलं की आधी हाताला गोडं तेल, मग राख आणि शेवटी पाणी. हा क्रम तिथली पाच वर्षांची पोरगीही सांगेल. पाणी आधी लावलं तर आग हातातून निघत नाही. जिथं हात लागेल तिथं जाते.

यंदा तिच्या हाताला आणखी एक जण यायचा नाही. तिचा नवरा, रामाजी.

रामाजी गवंडी होता. ऑगस्टमध्ये एका दुमजली घराच्या परांचीवरून उतरता उतरता त्याचं उजवं अंग गेलं. उजवा हात, उजवा पाय, आणि त्यांच्याबरोबर बोलणं. नागपूरच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने त्याच्या पायाला सुई टोचून पाहिली, तर त्याला काही पत्ता नव्हता. ती म्हणाली, "पायात जाण आली की घेऊन या. तोवर रोज तीसदा पाय वाकवायचा." बायजाबाईने दिवाळीपर्यंत वाकवला. मग सातरा सुरू झाला. दिवसभर उकिडवं बसून आलेल्या बाईने परत कोणाचा मेलेला पाय तीसदा कसा वाकवायचा, हे सांगणाऱ्यांनी एकदा त्या ताडपत्रीखाली बसून पाहावं. चाकाच्या खुर्चीसाठी अर्जही केला होता. पण अर्जाला चाकं नव्हती. तो अजून कचेरीतून हलला नाही.

आणि राखेच्या बुधवारपासून रामाजीने खाणं सोडलं.

पेजेचा चमचा ओठाला लावला की ओठ मिटायचे. दिवसाकाठी दोन चमचे कसेबसे आत जायचे. गावात ख्रिस्ती घरं अकरा, त्यातलं एक रामाजीचं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांच्या उपासाचे, पण उपास म्हणजे कोणी मटण सोडायचं, कोणी बिडी. रामाजीने अन्नच सोडलं म्हटल्यावर मंडळीचे वडील, म्हणजे प्रार्थनाघराचे कारभारी, चंपतराव भर प्रार्थनेत गहिवरले. "रामाजीभाऊनं आपल्याले लाजवलं, प्रभू. अंथरुनावर पडून माणूस एवढा कडक उपास करून राहिला." अकरा घरांनी आमेन म्हटलं. माणूस डोळ्यांसमोर वाळत चालला होता आणि लोक आमेन म्हणत होते. भुकेला पुण्य म्हटलं की भुकेल्याकडे बघावं लागत नाही.

बायजाबाई आमेन म्हणाली नाही. एका संध्याकाळी रामाजीने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं होतं, पेजेची वाटी हळूच बाजूला सारली होती आणि भिंतीकडे तोंड केलं होतं. भिंत त्यानेच गिलावा केलेली. आरशासारखी. तेव्हाच तिला कळलं होतं. हा उपास नव्हता. हा माणूस निघाला होता.

हे तिने एकट्या रंभाबाईला सांगितलं. रंभाबाई बौद्धवाड्यातली. सातऱ्यावर दोघींच्या बसायच्या बोऱ्या वीस वर्षं शेजारी.

गुरुवारी, ऐन दुपारी, रंभाबाईने तिच्या सुपाकडे पाहिलं. "काहून वं, हात काहून थांबून राहिला?"

"काल एक चमचा खाल्ला."

"आन तुमचे लोकं अजून म्हनून राहिले का उपास हाये?"

"उपासवाला मानूस ताटाकडे पायते वं रंभा. हा भिंतीकडे पायते."

रंभाबाई फडक्याआडून शिंकली. तीन वेळा. मग म्हणाली, "मंग तू रडून काहून राहिली? जो आपल्या मनानं मरून राहिला त्याच्यावर राग कराव. चौतीस वर्सं रांधून घातलं ना तू?"

"मी रडत नाई. मिरची हाये."

"हो. मिरचीच हाये."

बायजाबाई दिवाणजीकडे गेली. ताराचंद दिवाणजी वजनकाट्याजवळ पंखा लावून बसला होता. पंख्याचं तोंड त्याच्याकडे.

"दिवानजी, उद्या मी येत नाई. गुड फ्रायडे हाये."

"दरवर्षीच मरते का गा तुमचा देव?" तो शेजारच्या हमालाकडे बघत म्हणाला. हमाल हसला. हसणं त्याच्या कामातच होतं.

"वर्सातून एकदाच मरते," बायजाबाई म्हणाली. "तुमच्या काट्यावानी रोज नाई मारत कोनाले."

मागच्या बाया फडक्यात हसल्या. ताराचंद हसला नाही. "बरं. आज ट्रक भरून झाल्याबिगर तुही रांग उठनार नाई. आन सोमवारी नाई दिसली तं तुह्या बोरीवर दुसरी बसंन."

तोंडाचं भाडं असं लगेच भरावं लागतं. ट्रक भरेस्तोवर सूर्य कलला. तेलाची बाटली आधीच्या बायांनी पुसून नेलेली. रंभाबाई तिच्याबरोबर तशीच धावत घरी आली, दोघींनी मिळून रामाजीला उचललं आणि त्याच्याच एकचाकी गाडीत बसवलं. वाळू आणि सिमेंटचा मसाला वाहायची गाडी. खाली वाकळ, पाठीला पोतं. तीस वर्षं त्याने ती ढकलली, आता ती त्याला नेत होती. उतरणीवर चाक दगडाला अडलं आणि तिघंही बाभळीत जाता जाता वाचले.

"तुह्या देवाच्या घरापरंत नेऊन देतो," रंभाबाई धापा टाकत म्हणाली. "आत येत नाई. तुमी लोकं लई वेळ डोळे मिटून बसता."

त्या प्रार्थनाघराची एक रीत होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या गुरुवारची. इतर ठिकाणी पाळक, म्हणजे धर्मगुरू, बारा जणांचे पाय धुतात. इथं पाळक महिन्यातून एकदा नागपूरहून यायचे, म्हणून जुन्या एस्तेरबाईने, ती जाऊन आता वीस वर्षं झाली, वेगळंच लावून दिलं होतं. ज्याच्यावर वर्षभर राग धरला, त्याचे पाय धुवायचे. सगळ्यांदेखत. त्यामुळे त्या संध्याकाळी कोण परात घेऊन कोणापुढे बसतं, हे बघायला आजाऱ्यांनासुद्धा अंथरूण सोडावंसं वाटे.

बायजाबाई सलग अकरा वर्षं चंपतरावांचे पाय धूत आली होती. प्रार्थनाघराच्या छपरासाठी आलेले टिनाचे पत्रे त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या गोठ्यावर टाकले तेव्हापासून. पत्रे नंतर परत आले, पण राग काही परत गेला नाही. चंपतरावांना आता सवय झाली होती. ते चपला काढून, धोतर गुडघ्याशी घेऊन, बाकावर तयार बसले होते.

बायजाबाईने बाहेरच्या हापशीवर हात ओले केले. नुसत्या पाण्याने. घाई होती, आणि तिच्या बोटांना आता स्वतःची आग कळेनाशी झाली होती. परात घेऊन ती आत आली, चंपतरावांच्या समोरून गेली, आणि भिंतीला लावलेल्या एकचाकी गाडीपुढे बसली.

कोणीतरी खाकरलं. चंपतरावांनी धोतर हळूच खाली केलं.

तिने आधी उजवा पाय घेतला. मेलेला. टाच धानाच्या बांधीतल्या उन्हाळ्यातल्या मातीसारखी फुटलेली, सिमेंटने खाल्लेली. तिने पाणी घातलं आणि चोळायला लागली. हळू नाही, मसाला पाटावर रगडावा तशी. एकेका भेगेत बोट घालून. आणि तोंडाने, फक्त त्याला ऐकू जाईल असं:

"मले इचारलं का तुमी? निगालो म्हनून सांगतलं का? चौतीस वर्सं परांचीवर चढले तं येतो म्हनून चढत होते. आता न सांगता चालले. माह्यासाठी एक शबुद नाई? मी का भिंत हावो?"

रामाजी वर पत्र्यांकडे बघत होता. तिने पाय पुसला आणि डावा घ्यायला परात सरकवली.

तेवढ्यात त्याचा चेहरा बदलला. कपाळावर आठी आली. त्याने डावा हात खाली नेला, उजव्या टाचेशी. चाचपला. मग जोरात चोळला. आणि आठ महिने ज्या तोंडातून नुसती लाळ आली होती, त्या तोंडातून स्वच्छ, गिलाव्यासारखं सपाट, बाहेर पडलं:

"रांडे, जळते!"

पवित्र गुरुवारी, पेटलेल्या मेणबत्त्यांसमोर, अकरा घरांदेखत.

मग चंपतराव अनवाणीच उभे राहिले, दोन्ही हात वर. "चमत्कार! प्रभूनं जीभ मोकळी केली! पायात जीव घातला!" बाया रडायला लागल्या. कोणी गाणं उचललं.

बायजाबाईने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नाकाशी नेले. "मिरची हाये," ती म्हणाली. गाण्यात कोणाला ऐकू आलं नाही. "वडील, माह्या हाताले मिरची हाये. तेल नव्हतं."

रामाजी अजून टाच चोळत होता, आणि तिच्याकडे असा बघत होता जसं ती जिवंत आहे हे त्याला आत्ताच कळलं. रागाने. भिंतीकडे नाही. तिच्याकडे.

तिने दारातूनच हाक मारली, "वं रंभा! ताक आन कोनाच्या घरून!"

मुलगी प्रीती नागपुरात धरमपेठेतल्या एका दवाखान्यात आया होती. शुक्रवारी सकाळी फोनवर तिने सगळं दोनदा सांगायला लावलं आणि शिवीपाशी हसत हसत रडली.

"पायात जाण आली म्हंजे चालंन, असं नाई आई. इथं मी पायते ना. जाण येते, अन् मानूस खुर्चीतच राह्यते. शिवी बी अशीच येते. बाकी बोलनं नाई येत, शिव्या येतेत. डाक्टर म्हनते, त्या डोक्यात येगळ्या खोलीत ठिवल्या असतेत."

"म्हंजे काई उपेग नाई?"

"असं कोन म्हनलं? रोज तीसदा वाकव. सोमवारच्या पुढच्या सोमवारी घेऊन ये. मी रजा टाकते." मग तिने विचारलं, "अन् खाल्लं का बाबानं?"

खाल्लं नव्हतं. ओठ तसेच मिटलेले. पण बायजाबाईने पेजेची वाटी खाली ठेवून त्याचा पाय मांडीवर घेतला. तेल लावलेल्या, राखेने घासलेल्या हातांनी. एक, दोन, तीन. अठराव्याला तिचा खांदा भरून आला. तिसाव्याला दोघंही घामाघूम. तिने टाचेला चिमटा काढला. त्याने डाव्या हाताने तिच्या मनगटावर फटका मारला.

"मारा," ती म्हणाली. "मारा, पन इकडं तोंड करून मारा."

दुपारी क्रुसाच्या लांब उपासनेनंतर चंपतराव घरी आले. रविवारी, ईस्टरच्या पहाटे, पाळकसाहेब येणार होते, बरोबर मोबाइलवर चित्रीकरण करणारा कोणी. रामाजीने साक्ष द्यायची. फार नाही, फक्त प्रभू उठला म्हणायचं.

"तो म्हननार नाई, वडील."

"इस्वास ठेव वं बायजा."

"इस्वास हाये. म्हनूनच तर म्हनतो. देवाच्या नावानं खोटं खपवाले इस्वास लागत नाई." तिने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "चाळीस दिवस तुमी त्याच्या मरनाले उपास म्हनलं. आता माह्या मिरचीले चमत्कार म्हनून राह्यले. एकदा तरी त्याच्याकडं पाहा ना. नुसतं पाहा."

चंपतरावांनी पाहिलं. बरगड्या, मनगट, गालाची खळगी. बराच वेळ पाहिलं. पेला रिकामा न करता ते उठून गेले.

शनिवार कबरींना चुना लावायचा. गावाच्या टेकाडावर तीस-बत्तीस कबरी होत्या, आणि हे काम तीस वर्षं रामाजीचं. यंदा बायजाबाईने बादलीत चुना कालवला, कुंचा घेतला आणि रामाजीला गाडीत घालून वर नेलं. सावलीत बसवलं. सासूच्या कबरीपासून सुरुवात केली. चुना ओघळत होता, कडा वाकड्या जात होत्या. ती मिरचीची बाई. तिला चुना काय कळणार.

मागून घशातला आवाज आला. रामाजी डावा हात हलवत होता. आधी तिला वाटलं पाणी पाहिजे. मग कळलं. कड वाकडी गेलेली त्याच्याने बघवत नव्हती.

"मंग तुमीच मारा," ती म्हणाली, आणि गाडी कबरीला लावून कुंचा त्याच्या डाव्या हातात दिला.

उजव्या हाताचा गवंडी. डावा हात लहान पोरासारखा चालत होता. त्याने एक कड ओढली, वीतभर. तीही वाकडीच गेली. तो बघत राहिला. मग परत ओढली. तिसऱ्यांदा ती बरी गेली. सरळ नव्हे, बरी. मग कुंचा पडला. त्याने आईच्या कबरीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे.

बायजाबाईने ती जागा पाहिली. वाळलं गवत आणि मुंगळ्यांचं वारूळ.

"तिथं मी यंदा मूग पेरनार हावो," ती म्हणाली. "दुसरी जागा पाहा."

त्याच्या नाकातून हवा निघाली. हसणं म्हणावं असं ते नव्हतं, पण गेल्या ऑगस्टपासून त्या तोंडाचा कोपरा वर गेलेला तिने पाहिला नव्हता. एकच कोपरा. डावा.

रविवारी तांबडं फुटताना अकरा घरं टेकाडावर जमली. कबरीकबरीवर मेणबत्ती. चुना वाळून पांढरा झालेला, एका कबरीची एक कड शिकाऊ हाताची. चढावर एकचाकी गाडी अडली तेव्हा कोणीतरी दुसरी मूठ धरली. बायजाबाई बघते तर चंपतराव.

"पुढच्या वर्सीच्या गुरुवारी परत माहेच पाय का?" ते धापा टाकत म्हणाले.

"वरीसभर हाये अजून. पाहू तुमी का करता तं."

पाळक तरुण होते, झोपेतून उठून आलेले, पण आवाज चांगला. "ख्रिस्त उठला आहे!" अकरा घरं म्हणाली, "खरोखर उठला आहे!" तीनदा. तिसऱ्या वेळी सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या, मोबाइलही वळला. रामाजी गप्प होता. तोंड किंचित उघडलं, मिटलं. डोळे उगवतीकडे. एका बाईने सुस्कारा टाकला, म्हणजे चमत्कार झाला नव्हता तर. बायजाबाई काही बोलणार तोच चंपतरावांनी मोबाइलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ठेव ते खिशात, बापू. मानूस आजारी हाये."

पाळकांनी मग उपदेश केला. बाया थडग्याशी कशा गेल्या, धोंडा कसा लोटलेला होता. सगळं दरवर्षीचं. मग म्हणाले की उठलेला प्रभू मित्रांमध्ये आला तेव्हा त्यांना भूत वाटलं. तेव्हा त्याने विचारलं, काही खायला आहे का तुमच्याकडे. त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला, आणि त्याने त्यांच्यासमोर बसून तो खाल्ला. पाळक पुढे गेले, स्वर्गाकडे वगैरे. बायजाबाई तिथंच राहिली. हातापायाला खिळ्यांची भोकं तशीच, आणि भूक लागलेली. हे तिने चाळीस वर्षं ऐकलं होतं आणि आजच ऐकलं.

परतताना तलावाच्या पाळीवर मासे धरणाऱ्या ढिवराची बाई टोपली घेऊन बसली होती. बायजाबाईने रोहू घेतला. पिशवी रामाजीच्या मांडीवर. मासा घरापर्यंत त्याच्या डाव्या हाताखाली थंड, जड पडून होता.

तिने त्याच्यासाठी पेज टाकली, दवाखान्याने सांगितलेली, फिक्की. आणि स्वतःसाठी रस्सा. कांदा, लसूण, जवस, आणि पाच महिने बोटांनी खुडलेली, पण घरी एकदाही वाटलेली नसलेली भिवापुरी मिरची. खकाणा उठला. मांजर शिंकत बाहेर गेलं. रंभाबाई दारात आली, पाहुणी म्हणून आज निवांत आत येऊन बसली.

रामाजीने पेजेला ओठ मिटले. वाटी ठेवून बायजाबाई त्याच्यासमोरच आपलं ताट घेऊन बसली आणि जेवायला लागली.

तो बघत होता. ताटाकडे.

रंभाबाईने तिला कोपराने ढोसलं.

"झोंबंन," बायजाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुमाले फिक्कं सांगतलं हाये."

डावा हात पुढे आला. पसरलेला.

तिने काटे काढून, भातात मुरवून, हरभऱ्याएवढा घास त्याच्या तळहातावर ठेवला. पाठ ताठ धरून बसवलं. त्याने तो स्वतः तोंडात नेला, अर्धा हनुवटीवर. चावला. बराच वेळ. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. रंभाबाई उठली, बायजाबाईने तिला हाताने थांबवलं. घास खाली उतरला. गळ्याची घाटी वर-खाली झालेली दोघींनी पाहिली.

त्याने तोंड पुसलं. कपाळावर तीच आठी. शब्द शोधत त्याचे ओठ हलले, थांबले, परत हलले.

"मीठ," रामाजी म्हणाला.

चौतीस वर्षं. मीठ मागितल्याशिवाय एक जेवण गेलं नव्हतं. बायजाबाई ताडकन उठली, खरीखुरी संतापून, आणि चुलीमागची मिठाची बरणी आणून त्याच्या डाव्या हाताशी आदळली.

"घ्या," ती म्हणाली. "आपल्या हातानं घ्या."